घरीच राहायचंय त्यांना : मदत कशाची, किती आणि कोणाच्या मर्जीने?

निशिगंध

घरातलं वयस्कर माणूस पडलं, हॉस्पिटलमधून घरी आलं किंवा हातपाय पूर्वीसारखे चालेनासे झाले की घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आता चोवीस तास माणूस ठेवा. दुसरा म्हणतो, त्यापेक्षा संस्थेत ठेवू, तिथे सगळी सोय असते. ज्यांच्याबद्दल हे चाललेलं असतं ते शेजारच्या खोलीत सगळं ऐकत असतात आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. माझ्या मावशीच्या बाबतीत हे जवळून पाहिलं, म्हणून धागा काढतेय.

मला वाटतं, ‘घरी की संस्थेत’ हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. त्याआधी हे बघायला हवं की दिवसाच्या कुठल्या वेळी, कुठल्या कामाला अडतं. मावशीला अर्धांगवायूनंतर डाव्या हाताची पकड राहिली नाही. बाकी ती चालते, बोलते, हिशेब चोख ठेवते. तिचं अडायचं ते आंघोळीला, केस विंचरायला, बाटल्यांची झाकणं उघडायला आणि रात्री संडासला उठताना. सकाळी ठरल्या वेळी येणारी एक समजूतदार मदतनीस, न्हाणीघरात धरायला पक्के बार आणि रात्रीच्या वाटेवर उजेड, एवढ्यावर तिचा दिवस तिच्या हातात आला. चोवीस तासांचा माणूस तिला नकोच होता, आणि ठेवला असता तर तिने तो चार दिवसांत घालवला असता.

कामांचा असा हिशोब मांडायची पद्धत नवी नाही. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्ये रोजच्या जगण्यातली सहा मूलभूत कामं धरून एक मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठबस, मलमूत्रावर ताबा आणि घास तोंडात घालणं. त्यांना दिसलं की ही कामं साधारण एका क्रमाने हातची जातात. आंघोळ सगळ्यात आधी जाते, जेवण सगळ्यात शेवटी. आणि माणूस सावरू लागला की ती उलट क्रमाने परत येतात. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी यादी केली. तिच्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामं आहेत. एकटं राहणाऱ्यांचं बहुतेक या दुसऱ्या यादीत आधी अडतं आणि ते बाहेरच्यांना दिसत नाही. माणूस आंघोळ करून नीटनेटका बसलेला असतो, पण बिलं तशीच पडलेली आणि औषधांचे दोन डोस चुकलेले.

दोन्ही याद्या घेऊन त्या व्यक्तीच्या शेजारी बसा. प्रत्येक कामापुढे लिहा: स्वतः करते, साधन मिळालं तर करते, कुणी जवळ उभं राहिलं तर करते, की दुसऱ्यालाच करावं लागतं. मधल्या दोन उत्तरांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. घरी राहणं जमणार की नाही हे बरंचसं तिथे ठरतं.

तुमचे अनुभव लिहा. आणि या क्षेत्रात काम करणारे कुणी असतील तर त्यांनी जरूर लिहा.

---

वाटसरू

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून माणसाला आणि घराला तयार करणारा. जरा सविस्तर लिहितो.

घर सुधारल्याने पडणं कमी होतं का, यावर चाचण्या झाल्या आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२३ चा आढावा सांगतो की घरातले धोके तपासून दूर केले तर पडण्याचं प्रमाण सरासरी २६ टक्क्यांनी कमी होतं. नुकतेच पडलेले किंवा रोजच्या कामांत मदत लागणारे, म्हणजे ज्यांना धोका मुळातच जास्त, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. धडधाकट ज्येष्ठांच्या घरात तेच बदल करून फारसा फरक दिसला नाही. तेव्हा पैसा बेताचा असेल तर कुणाच्या घरापासून सुरुवात करायची याचं उत्तर यात आहे.

मी घरी गेलो की लगेच टेप काढत नाही. म्हणतो, रोज जसं करता तसं करून दाखवा. पलंगावरून उठा, संडासला जा, दार लावा, परत या. मी मागून चालतो आणि हात कुठे टेकतो ते बघतो. कुणाचा कपाटाच्या कडेला, कुणाचा बेसिनला, कुणाचा टॉवेलच्या दांडीला. हात जिथे आपोआप जातो तिथे बार लागतो. टॉवेलची दांडी माणसाचा भार घेत नाही, ती उखडते. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या मानकांत बारने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार पेलला पाहिजे असं आहे आणि आडव्या बारची उंची ८४ ते ९१ सेंटिमीटर. पण ती मानकं सार्वजनिक जागांसाठी आहेत. घरात एकच माणूस वापरणार असेल तर त्याला उभं करून, हात टेकवायला सांगून भिंतीवर खूण करा आणि मगच भोक पाडा. रबरी सक्शन कपने भिंतीला चिकटवायचे जे बार मिळतात त्यांवर पूर्ण भार टाकू नका, ते कधी सुटतील याचा भरवसा नसतो.

अर्धांगवायूनंतरच्या घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते. एकाच हाताने धरता येत असेल तर जिना चढताना जो कठडा चांगल्या हाताकडे असतो, तो उतरताना दुसऱ्या बाजूला जातो. म्हणून कठडा दोन्ही बाजूंनी हवा. संडासचंही तसंच: बसताना हात कुठे जातो आणि उठताना कुठे, हे वेगवेगळं बघा.

बैठक फार खाली असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. तळवे जमिनीला टेकून गुडघे काटकोनात किंवा खुब्यांपेक्षा किंचित खाली राहतील एवढी उंची ठेवा. बऱ्याच जणांना ४३ ते ४८ सेंटिमीटर चालते. कमोड बसका असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते. खुर्चीला हात हवेतच.

व्हीलचेअरसाठी उतार १ ला १२ पेक्षा जास्त तीव्र नको. १५ सेंटिमीटरची पायरी असेल तर उतार १८० सेंटिमीटर लांब होतो. जागा नाही म्हणून लोक निम्म्यात भागवतात आणि मग त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याची पाठ जाते. दाराची मोकळी रुंदी ८१ सेंटिमीटरच्या आसपास लागते. बिजागरी बदलून पल्ला पूर्ण मागे जाईल असा केला तर कधी कधी चौकट न फोडताही काम होतं.

बाकी नेहमीचं: सैल पायपुसणी, वाटेतल्या वायरी, पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी, पाऊल पडलं की लागणारा रात्रीचा दिवा.

आणि एक गोष्ट घराच्या रचनेपलीकडची आहे. उठल्यावर भोवळ येते का विचारा. आडवं असतानाचा रक्तदाब आणि उभं राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी घेतलेला रक्तदाब यांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना औषधं पुन्हा तपासायला सांगा. बार कितीही पक्का असला तरी डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या माणसाला तो सापडत नाही.

---

सांजवारा

खूप उपयोगी धागा. एक विचारते. बाबांना अर्धांगवायूनंतर पलंगावरून खुर्चीत बसवताना मी आणि आई दोघी मिळून त्यांना काखेत हात घालून उचलतो. आईची कंबर धरली आहे आणि बाबांचा तो खांदा दुखतो म्हणतात. दुसरा काही मार्ग?

---

वाटसरू

सांजवाराताई, काखेतून उचलणं आजपासून बंद करा. अर्धांगवायूनंतर त्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार राहत नाही, सांधा खाली ओघळतो. काखेतून किंवा हात धरून ओढलं की तो आणखी दुखावतो.

उचलण्याऐवजी त्यांना सरकवायचं. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावा, ब्रेक लावा, पायटेकण्या बाजूला करा. त्यांना पलंगाच्या कडेपर्यंत पुढे आणा, तळवे जमिनीवर पक्के, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकवा. पुढे वाकल्याशिवाय कुणीच उठू शकत नाही, आणि भीतीने सगळे मागे रेलतात. कमरेला ट्रान्सफर बेल्ट बांधला तर धरायला जागा मिळते. तुम्ही गुडघ्यांत वाका, पाठीत नको. पायांवर अजिबात भार घेत नसतील तर सरकपाटी (ज्यावरून बसल्या बसल्या सरकता येतं ती फळी) किंवा हॉइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) लागेल. फिजिओंना घरी बोलावून दोघींना प्रत्यक्ष शिकवायला सांगा. हे लिहून पुरेसं कळत नाही, आणि बाबांच्या खांद्याचीही तपासणी व्हायला हवी.

---

चाकांवरून

मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरतो. नोकरी करतो, एकटा राहतो, सकाळ-संध्याकाळ सहायक येतात. धागा चांगला चाललाय, पण सगळी चर्चा ‘यांची काळजी कशी घ्यायची’ इथून होतेय. मी दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

काय करायचं हे मला कळतं. ते करायला मला आणखी दोन हात लागतात. ते हात कोणाचे, किती वाजता यायचे, आधी काय करायचं आणि नंतर काय, हे मी ठरवतो. हे माझ्या हातात राहिलं नाही, तर मी माझ्या पत्त्यावर राहत असूनही संस्थेतच राहत असेन. ज्यांची सेवा सात वाजता संपते म्हणून त्यांना साडेसहाला अंथरुणावर टाकलं जातं, अशी माणसं मला माहीत आहेत. झोप येवो न येवो, दिवस संपला.

हा विचार अपंग माणसांनीच लढून पुढे आणला. एड रॉबर्ट्‌स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली जवळजवळ लुळे, झोपायला आयर्न लंग, म्हणजे श्वास चालू ठेवणारं मोठं यंत्र, लागायचं. १९६२ मध्ये ते अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा ते यंत्र मावेल असं वसतिगृह नव्हतं, म्हणून आवारातल्या रुग्णालयात राहिले. पुढे आणखी विद्यार्थी आले, त्यांनी गट केला आणि १९७२ मध्ये बर्कलीत सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं राहिलं. सहायक मिळवून देणं, राहण्याजोगी घरं शोधणं, व्हीलचेअर दुरुस्ती, असली रोजच्या अडचणींची कामं तिथे अपंग माणसंच चालवायची. स्वीडनमध्ये आडॉल्फ रात्झ्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोममध्ये ‘स्टिल’ नावाची सहकारी संस्था काढली. सहायकासाठीचा पैसा सेवा देणाऱ्या यंत्रणेकडे न जाता अपंग व्यक्तीच्या हातात यावा आणि सहायक तिने निवडावा, ही त्यांची मागणी होती. १९९४ पासून तिथल्या कायद्यात वैयक्तिक सहायकाचा हक्क आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम १९ तर अगदी स्पष्ट आहे: कुठे आणि कोणासोबत राहायचं हे निवडण्याचा हक्क इतरांइतकाच, कुठल्या ठरावीक व्यवस्थेत राहण्याची सक्ती नाही, आणि समाजात राहता यावं म्हणून वैयक्तिक सहायकासह घरपोच सेवा. अमेरिकेत १९९९ च्या ओल्मस्टेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही असंच म्हटलं. लोइस कर्टिस आणि एलेन विल्सन या दोघींना डॉक्टरांनी बाहेर राहता येईल असं सांगूनही संस्थेत ठेवलं होतं. विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे, असा निकाल लागला.

नवीन सहायक आला की मी पहिल्याच दिवशी सांगतो: हात लावण्याआधी सांगा. खुर्ची मला न विचारता हलवू नका. घरी कुणी आलं आणि माझ्याबद्दल तुम्हाला विचारू लागलं तर त्यांना माझ्याकडे वळवा. माझं कुठलं काम तुम्हाला करायला अवघड वाटतं तेही आजच बोला. या शेवटच्या वाक्याने फार गोष्टी सोप्या होतात. कॅथेटर, आतडी रिकामी करणं, हे सगळं त्यात येतं आणि त्याबद्दल मोकळं बोलता आलं नाही तर माणूस कारण न सांगता सोडून जातो.

आणि दाब-जखमा, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून होणारे व्रण. तासन्‌तास एकाच जागी बसणाऱ्याने किंवा पडून असणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. माकडहाड, टाचा, नितंबाची हाडं रोज आरशाने किंवा सहायकाकडून बघून घ्यायची. दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर त्या जागेवरचा भार त्याच दिवशी काढायचा.

---

जुनी_पायवाट

वय ऐंशीच्या पुढे आहे. नात टाइप करून देतेय.

माझ्याकडे येणारी मुलगी गुणी आहे. पण तिचा हात फार झपाट्याने चालतो. मी बटण धरेपर्यंत तिची सगळी लावून होतात. मी तिला बसवून सांगितलं, बाळ, मला वेळ लागतो पण येतं, तू तोवर दुसरं काम कर. आता मी माझी बटणं लावते. पायमोजे तीच घालते, ते मला जमत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

मुलं म्हणतात आई तू बसून राहा. बसून राहिले की दुसऱ्या दिवशी उठायला जास्त त्रास होतो, हे त्यांना कसं समजवावं? पायातली ताकद आहे तोवर मला माझ्या घरात फिरू द्या. चाकांवरून लिहितात तसंच मलाही वाटतं, की मला विचारून करा.

---

गारवा

जुनी_पायवाट काकू, तुम्ही जे सांगताय त्यावर डेन्मार्कने आख्खी व्यवस्था बदलली. फ्रेडेरिसिया नावाच्या नगरपालिकेने २००८ मध्ये सुरुवात केली. घरकाम किंवा अंगमदत मागणाऱ्या ज्येष्ठाला लगेच मदतनीस नेमून न देता आधी काही आठवडे थेरपिस्ट घरी येऊन तेच काम पुन्हा स्वतः करायला शिकवतात, साधनं देतात, आणि उरलेल्या गरजेपुरती मदत सुरू होते. २०१५ मध्ये देशाच्या कायद्यानेच नगरपालिकांना असं प्रशिक्षण देता येईल का हे आधी तपासणं बंधनकारक केलं. त्याच देशाने १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या पद्धतीचे वृद्धाश्रम नव्याने बांधणं थांबवलं आणि पैसा घरपोच सेवेकडे वळवला.

मी जर्मनीत राहतो, इथलंही थोडं सांगतो. १९९५ पासून काळजीचा सक्तीचा विमा आहे, आजारपणाच्या विम्यापासून वेगळा. तपासनीस घरी येतो आणि व्यक्ती कशात कितपत स्वावलंबी आहे याचे गुण देतो. त्यावरून २०१७ पासून पाच श्रेण्या ठरतात. पूर्वी शारीरिक कामांवरच भर असायचा, त्यामुळे स्मृतिभ्रंश असलेले मागे पडत. आता समजणं, वागणूक, दिवसाची आखणी हेही मोजतात. मग कुटुंबाने ठरवायचं: रोख रक्कम घेऊन काळजी घरच्यांनीच घ्यायची, नोंदणी झालेल्या सेवेकडून माणसं घ्यायची, की दोन्ही थोडं थोडं. घरची काळजी घेणारी व्यक्ती आजारी पडली किंवा सुटीवर गेली तर बदली माणसाची तरतूद त्याच विम्यात आहे. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण घरच्यांनाही विसावा लागतो हे कायद्याने मान्य केलंय.

जपानने एप्रिल २००० मध्ये असाच विमा आणला, वयाच्या चाळिशीपासून हप्ता भरायचा. तिथे गरजेच्या सात पायऱ्या आहेत आणि एक केअर मॅनेजर सगळं जुळवून देतो. २००६ पासून छोटी बहुउद्देशी केंद्रंही आहेत: दिवसा तिथे जा, गरज पडली तर तिथेच मुक्काम करा, नाहीतर तिथलेच कर्मचारी तुमच्या घरी येतील. तिन्ही ठिकाणी चेहरे तेच.

तोच चेहरा असणं ही साधी गोष्ट नाही. नेदरलँड्‌समध्ये योस द ब्लोक या नर्सने २००६ मध्ये ‘ब्यूर्टझोर्ग’ सुरू केली. त्यांच्या टीममध्ये जास्तीत जास्त बारा जण, वरती मॅनेजर नाही, वेळापत्रक टीमच ठरवते. मिनिटं मोजून वेगवेगळी माणसं पाठवण्याऐवजी ओळखीच्या नर्सकडून सगळं बघून घ्यायचं आणि शेजारीपाजारी, नातलग यांनाही सोबत घ्यायचं.

ज्यांच्या देशात यातलं काही नाही त्यांना कायदा घरी आणता येणार नाही, पण रीत आणता येते. सगळ्या धाग्यादोऱ्यांची माहिती असलेली एक व्यक्ती, शक्यतो बदलत न राहणारे चेहरे, आणि काही महिन्यांनी सगळं पुन्हा मांडून बघणं.

---

कातळ

सगळं पटतंय, तरी एक विचारायचं आहे. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. रात्री उठून दार उघडून निघतात. आईला म्हणतात तू कोण. आई रात्रभर जागी, दिवसा स्वयंपाक, औषधं. दोन वेळा मदतनीस ठेवले, वडिलांनी त्यांना हाकलून दिलं. अशा वेळी ‘त्यांना घरीच राहायचंय’ हे धरून बसलो तर आईचं काय? तिच्या मर्जीबद्दल धाग्यात कुणी लिहिलेलं नाही.

---

सांजवारा

कातळदादा, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. बाबांचं करताना आईला आणि मला एकमेकींशी बाबांखेरीज काही बोलायलाच उरलेलं नाही.

शुल्झ आणि बीच यांचा १९९९ चा एक अभ्यास आहे. आजारी जोडीदाराची काळजी घेणारे आणि तिचा ताण जाणवणारे जे वृद्ध होते, त्यांच्यात चार वर्षांतला मृत्यूचा धोका तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला. मी तो भावाला पाठवला. त्यानंतर तो ठरल्या दिवशी येऊन राहू लागला. आधीही तो म्हणायचाच, काही लागलं तर सांग. पण दमलेल्या माणसाकडे सांगायचीही शक्ती नसते. ज्याला खरंच मदत करायची आहे त्याने वार आणि वेळ स्वतःहून ठरवावी आणि ती मोडू नये. त्या वेळेत आईने घरात थांबायचं नाही, असंही आम्ही ठरवलंय. थांबली की ती कामच करते.

---

निशिगंध

कातळ, तुमचा प्रश्न धाग्यात असायलाच हवा होता. घर दोघांचं असेल तर मर्जीही दोघांची धरायला हवी, आणि त्यातलं एक माणूस झोपेविना असेल तर ती योजना चाललेली नाही. रोज रात्री कुणीतरी जागं राहावं लागतं, पडणं वारंवार होतंय, सोबतच्याला मारहाण होतेय, वजन उतरत चाललंय, यांतलं काही सुरू झालं की मदत वाढवायची किंवा जागा बदलायची, यात कुणाचा पराभव नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रापासून सुरुवात केली. दिवसभर तिथे हालचाल झाली, उजेड मिळाला की रात्रीची भटकंती थोडी कमी झाली आणि काकूंना दुपारची झोप मिळाली.

आणि रात्रीची भटकंती अचानक वाढली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठेतरी दुखणं, नवीन औषध, ऐकू न येणं, यातलं काहीही कारण असू शकतं, आणि स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला ते सांगता येत नाही.

---

वाटसरू

मदतनिसाला हाकलून देण्याबद्दल: पहिले काही दिवस त्याला ‘तुमचं करायला आलाय’ म्हणून समोर आणू नका. आईच्या मदतीला आलाय, असं सांगा, आणि ते खरंही आहे. तो आधी नुसता घरात वावरू दे, वडिलांबरोबर त्यांच्या आवडीचं काहीतरी करू दे. आंघोळ सगळ्यात शेवटी. परक्याने अंगावरचे कपडे काढणं कुणालाही भीतीदायकच वाटेल, आणि हा परका कशासाठी आलाय हे आठवत नसेल तर जास्तच.

दारावर बारीक घंटी किंवा सेन्सर लावला तर आई पहारा न देता झोपू शकते. बाहेरून कुलूप मात्र नको, आग लागली तर जीव जाईल. गॅसला आपोआप बंद होणारी झडप बसवून घ्या.

---

पाणकळा

उपकरणांचा विषय निघालाच आहे तर गळ्यातल्या बटणाबद्दल लिहिते. सासूबाई एकट्या राहतात, त्यांना पडल्यावर दाबायचं बटण दिलं. बटण दिलं की घरचे निर्धास्त होतात, पण केंब्रिजमधल्या नव्वदी ओलांडलेल्यांचा २००८ चा एक अभ्यास वाचला. एकटे असताना पडलेल्या आणि उठू न शकलेल्या ज्यांच्याकडे असं बटण होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते वापरलंच नव्हतं. कुणी घातलेलं नव्हतं, कुणाला लोकांना त्रास द्यायचा नव्हता, कुणी आपणच उठू म्हणून प्रयत्न करत राहिलं.

म्हणून आम्ही सासूबाईंना ते मुद्दाम दाबून बघायला लावतो, पलीकडच्या माणसाशी बोलायला लावतो. पाणी लागलं तरी चालणारं घेतलं, कारण आंघोळीलाच ते काढून ठेवलं तर उपयोग काय. आणि किल्ली! बटण दाबल्यावर येणारा माणूस दाराशी अडकायला नको. एक किल्ली शेजारी आहे, एक भिंतीवरच्या आकडेवाल्या पेटीत.

फिजिओने त्यांना जमिनीवरून उठायलाही शिकवलं: कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत जड खुर्चीपर्यंत जायचं, तिच्यावर हात टेकून एक पाय पुढे घेऊन उठायचं. फार लागलं असेल तर हलायचं नाही, अंगावर जवळचं काहीतरी ओढून घ्यायचं आणि बोलावत राहायचं.

कॅमेरे लावावेत का, यावर घरात अजून एकमत नाही.

---

चाकांवरून

पाणकळाताई, कॅमेऱ्याबद्दल सासूबाईंनाच विचारा, आणि त्यांचं ‘नको’ हे नको म्हणूनच घ्या. दार उघडल्याची किंवा रात्री पलंगावरून उठून परत न आल्याची सूचना देणारे साधे सेन्सर मिळतात, त्यांत चित्र नसतं. न्हाणीघरात आणि निजायच्या खोलीत कॅमेरा कुणालाच नको असतो, वय कितीही असो.

---

अबोली_२

शांतपणे वाचत होते, पण आता गरज पडली. आईच्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालंय, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. ती माझ्याकडे यायला तयार नाही, तिच्याच घरी जायचं म्हणते. मी जवळच राहते पण नोकरी आहे. हॉस्पिटलमधून निघण्याआधी नेमकं काय विचारून घेऊ?

---

वाटसरू

अबोलीताई, सोडायच्या दिवशी विचारायला घेतलंत तर उशीर होईल, उद्याच विचारा. ऑपरेशन कुठल्या प्रकारचं झालं, पायावर किती भार टाकायचा आणि काही हालचालींना बंदी आहे का, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. खुब्याचा सांधा बदलला असेल तर काही सर्जन खाली वाकायला, मांडी एकमेकींवर टाकायला मनाई करतात. तसं असेल तर खुर्ची, पलंग, कमोड सगळ्यांची उंची आई घरी यायच्या आधी वाढवावी लागेल.

फिजिओंना सांगा की आईला तुमच्यासमोर पलंगावरून उठवून, वॉकरने संडासपर्यंत नेऊन, जिना असेल तर चढवून-उतरवून दाखवा. वॉकर घरी न्यायचा आहे तोच वापरून. आईच्या घराच्या दारांची रुंदी मोजून सोबत न्या, वॉकर संडासच्या दारातून जातो का हे घरी पोचल्यावर कळून उपयोग नाही. औषधांची जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून डॉक्टरांकडून एकच करून घ्या, नाहीतर एकाच गुणाची दोन नावं चालू राहतात. हाडांच्या ठिसूळपणाचा उपचार कधी सुरू करायचा तेही विचारा, हे बऱ्याचदा राहून जातं आणि मग दुसरं हाड मोडतं. जखम कशी दिसली की फोन करायचा, पोटरी सुजली-दुखली किंवा अचानक धाप लागली तर कुठे जायचं, नंबर घ्या.

सुरुवातीचे काही दिवस तरी रात्री कुणी सोबत असू द्या, रजा काढता आली तर तेव्हाच काढा. नंतर सकाळचं उठणं-आंघोळ आणि संध्याकाळचं झोपणं या दोन वेळांना माणूस मिळाला तर मधला दिवस त्या निभावतील, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. निशिगंध यांनी वर दिलेल्या दोन याद्या आईबरोबर आजच भरा, आणि तो कागद घेऊन फिजिओंना भेटा.

---

अबोली_२

खूप आभार. दारं मोजायला आज संध्याकाळीच जाते. याद्या भरून झाल्या की इथे लिहीन, मला अजून बरंच विचारायचं आहे.